फेरारी २५० ओळखायची कशी? नवशिक्यांसाठी पायरीपायरीने

फेरारी २५०चं नाव बहुतेकांच्या कानावर पहिल्यांदा पडतं ते पैशांमुळे. नोव्हेंबर २०२३मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात १९६२ सालची एक २५० जीटीओ ५ कोटी १७ लाख डॉलरला गेली. त्याआधी २०१८मध्ये दुसरी एक ४ कोटी ८४ लाखांना. बातमी वाचून माणूस जीटीओचे फोटो बघतो, हरखतो, आणि मग त्याला कळतं की २५० नावाच्या गाड्या दोन डझनांच्या घरात आहेत. काही बंद टपाच्या, काही उघड्या, काही चार जणांच्या, काही निव्वळ शर्यतीच्या. तिथे गोंधळतो आणि नाद सोडतो.

माझंही तसंच झालं होतं. पुढे लक्षात आलं की मी चुकीच्या टोकापासून सुरुवात केली होती. जीटीओ हा ह्या घराण्याचा कळस आहे आणि आपण पायाच बघितला नव्हता. म्हणून खालच्या पायऱ्या मी ज्या क्रमाने शिकायला हव्या होत्या त्या क्रमाने दिल्या आहेत. गाडी विकत कशी घ्यावी हे इथे नाही. संग्रहालयात, स्पर्धेत किंवा फोटोत २५० समोर आली तर ती कोणती, कधीची आणि तिच्यात विशेष काय, एवढं सांगता यावं इतकाच हेतू आहे.

पायरी १ : आधी आकड्याचा अर्थ लावा

२५० म्हणजे ताकद नाही, वेगही नाही. एका सिलिंडरची क्षमता, घनसेंटिमीटरमध्ये, आणि तीही वर ढकललेली. इंजिन २९५३ सीसीचं, सिलिंडर बारा. भागून बघा, २४६ येतात.

हा आकडा डोक्यात बसवायला आपल्याकडची सोपी मापं आहेत. येझदीचा एकुलता एक सिलिंडर साधारण एवढाच. आणि प्रीमियर पद्मिनी, म्हणजे मूळची फियाट ११००, तिचं इंजिन १०८९ सीसी, चार सिलिंडर. एकेक पडला २७२ सीसीचा. म्हणजे कुर्ल्याला बनलेल्या काळ्यापिवळ्या टॅक्सीचा सिलिंडर फेरारीच्या सिलिंडरपेक्षा मोठा होता. हे मी पहिल्यांदा कागदावर मांडलं तेव्हा दोनदा तपासलं. आमच्या घरी पद्मिनी होती, आणि चढावर तिला दुसऱ्या गिअरमध्ये रडताना मी लहानपणी पुष्कळदा ऐकलं होतं.

फरक आहे तो सिलिंडरच्या घडणीत. पद्मिनीचा बोअर ६८ मिलिमीटर आणि स्ट्रोक ७५, म्हणजे नळी अरुंद आणि पिस्टनची फेरी लांब. फेरारीत उलटं : बोअर ७३, स्ट्रोक फक्त ५८.८. पिस्टनला वर-खाली कमी अंतर जावं लागतं, म्हणून इंजिन मिनिटाला सात हजार फेऱ्यांपर्यंत न कुरकुरता जातं. नळी रुंद म्हणून व्हॉल्व्हही मोठे बसतात, श्वास मोकळा होतो. असे छोटे छोटे बारा एकापाठोपाठ एक पेटत गेले की जो आवाज निघतो, त्याच्यावर निम्मं घराणं उभं आहे.

ह्या आकड्याच्या हिशेबाला अपवाद आहेत, ते आताच सांगून ठेवतो. १२५, १६६, २१२, २७५, ३३० ह्या फेरारींना तो लागू पडतो. ५०० सुपरफास्टला नाही, तिथे ५०० म्हणजे पाच लिटर. डिनो २४६ म्हणजे २.४ लिटर आणि सहा सिलिंडर. आणि घरातलाच खट्याळ मुलगा म्हणजे २५० एलएम. नाव २५०, पण पहिली वगळली तर इंजिन ३.३ लिटरचं. हिशेबाने तिचं नाव २७५ हवं होतं. ते का नव्हतं, हे पुढे येईल.

पायरी २ : बॉनेटखालचा माणूस ओळखा

ह्या गाड्यांचा खरा जनक जोआकिनो कोलोंबो. आधी अल्फा रोमिओत होता. १९४५ मध्ये एन्झो फेरारीसाठी त्याने बारा सिलिंडरच्या इंजिनाची आखणी सुरू केली आणि १९४७ मध्ये ते पहिल्या फेरारीत, १२५ एसमध्ये, बसलं. तेव्हा ते जेमतेम दीड लिटरचं होतं, बोअर ५५ आणि स्ट्रोक ५२.५. पण ब्लॉकमध्ये वाढायला जागा होती. सहा सिलिंडरच्या दोन ओळी, मध्ये ६० अंशांचा कोन, ॲल्युमिनिअमचा ब्लॉक, प्रत्येक हेडवर एक कॅमशाफ्ट. हेच इंजिन फुगवत फुगवत तीन लिटरपर्यंत आणलं तेव्हा २५० झाली, आणि त्याचा वंश ४१२ नावाच्या गाडीत थेट १९८९पर्यंत टिकला.

मधेच ऑरेलिओ लाम्प्रेदीने वेगळं, लांब ब्लॉकचं व्ही-१२ काढलं. १९५३ची २५० यूरोपा त्या इंजिनाची आहे : बोअर ६८, स्ट्रोक ६८, एकूण २९६३ सीसी. (बोअर पद्मिनीएवढाच. मला ह्या योगायोगाचं उगाचच कौतुक आहे.) पुढच्याच वर्षी यूरोपा जीटी आली, नाव जवळजवळ तेच, पण इंजिन कोलोंबोचं. माझ्या मते रस्त्यावरच्या २५०ची खरी वंशावळ इथून धरावी. शर्यतीच्या अंगणात मात्र कोलोंबोचं तीन लिटर आधीच उतरलं होतं. इटलीतल्या रस्त्यांवरची मिल्ले मिल्या ही शर्यत १९५२मध्ये जोव्हानी ब्राक्कोने २५० एसमध्ये जिंकली होती.

बॉनेट उघडं मिळालं तर तीन गोष्टी बघा. कार्बोरेटर किती? रस्त्यावरच्या गाड्यांत बहुधा वेबर कंपनीचे तीन असतात, प्रत्येकाला दोन नळ्या. जीटीओत आणि टेस्टा रोसा ह्या शर्यतीच्या २५०त सहा असतात, म्हणजे प्रत्येक सिलिंडरला स्वतःची नळी. दुसरं, स्पार्क प्लग कुठे? जुन्या इंजिनांत ते दोन ओळींच्या मधल्या दरीत, कार्बोरेटरखाली दडलेले असतात. नंतरच्यांत बाहेरच्या बाजूला, एक्झॉस्टच्या अंगाला. एवढ्यावरून गाडी पन्नाशीच्या दशकातली की साठीच्या, ह्याचा चांगला अंदाज येतो. तिसरं, हेडवरच्या झाकणांचा रंग. लाल असेल तर समोर टेस्टा रोसा असण्याची शक्यता मोठी, कारण ह्या इटालियन शब्दांचा अर्थच ‘लाल डोकं’. ल मान्सची २४ तासांची शर्यत १९५८, १९६० आणि १९६१ मध्ये तिने मारली.

तीन वेबर एका सुरात लावणं हे कारागिराचं काम. पद्मिनीच्या एका कार्बोरेटरचा ‘आयडल’ स्क्रू पाव आटा फिरवायला आमचा मेकॅनिक कान इंजिनाला लावून पाच मिनिटं उभा राहायचा. इथे तशा सहा नळ्या, जीटीओत बारा, वर प्लगना ठिणगी वाटणारे दोन डेल्को. ह्या गाड्या जपणं खर्चिक का, ह्याचं अर्धं उत्तर इथेच मिळतं.

पायरी ३ : टेप काढा (निदान मनातल्या मनात)

पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्यांतलं अंतर म्हणजे व्हीलबेस. २५०च्या बाबतीत दोनच आकडे पाठ करा : २६०० आणि २४०० मिलिमीटर. पहिल्याला लाँग, दुसऱ्याला शॉर्ट म्हणतात. जाणकारांच्या बोलण्यात सारखं ‘शॉर्ट व्हीलबेस’ येतं ते हेच. २० सेंटिमीटर म्हणजे एक वीतभर, पण त्याने गाडीचा स्वभाव पालटतो. आखूड गाडी वळणावर चटकन फिरते.

डोळ्यांनी ओळखायचं तर दाराची मागची कड आणि मागच्या चाकाची कमान ह्यांत किती पत्रा आहे ते बघा. आखूड गाडीत दार संपतं आणि चाक जवळजवळ लगेच सुरू होतं. सुरुवातीला चुकाल. कॅलिफोर्निया स्पायडर दोन्ही मापांत निघाली आणि तिच्यात मी अजूनही चुकतो.

खाली चौकट मात्र साधी : लंबगोल पोलादी नळ्या जोडलेल्या, मागे सलग ॲक्सल आणि त्याला पाटे. हो, पाटेच, आपल्या टेम्पोला असतात तसे. स्वतंत्र मागचं सस्पेन्शन फेरारीच्या रस्त्यावरच्या गाडीला मिळालं ते १९६४च्या २७५ जीटीबीपासून, म्हणजे २५०चा काळ संपता संपता.

पायरी ४ : पोशाख कुणी शिवला ते विचारा

फेरारी त्या काळी इंजिन आणि चौकट बनवायची. अंगावरचा पत्रा बाहेरचे कारागीर चढवायचे. २५०साठी दोन नावं महत्त्वाची : तुरीनचे पिनिन फरिना आणि मोदेनाचे सर्जिओ स्काल्येत्ती. ढोबळ विभागणी अशी की आरेखन बहुतेक तुरीनचं, आणि शर्यतीच्या व थोडक्या संख्येच्या गाड्यांचा पत्रा ठोकला जायचा मोदेनाला. मधली दोन-तीन वर्षं बोआनो आणि त्याचा जावई एलेना ह्यांनी कूपे, म्हणजे बंद टपाच्या गाड्या, बांधल्या. त्या सोज्वळ दिसतात, आणि लोक त्यांच्या जवळून न थांबता पुढे जातात.

एक उपयोगी खूण सांगतो. पिनिन फरिना हे मूळचं टोपणनाव अधिक आडनाव. १९६१मध्ये ते अधिकृतपणे जोडून एकच आडनाव झालं, पिनिनफरिना. त्यामुळे गाडीच्या बाजूला लावलेल्या पट्टीवर दोन शब्द आहेत की एक, ते वाचा. ही तीच कंपनी, जी विकत घेण्याचा करार मुंबईच्या महिंद्रा समूहाने डिसेंबर २०१५मध्ये केला.

स्काल्येत्तीचं काम समजून घ्यायला पुण्याच्या तांबट आळीत अर्धा तास उभं राहावं. तिथे तांब्याच्या पत्र्याचं पातेलं ठोकून घडतं, मठारकामाचा एकेक ठोका हातोडीच्या अंदाजाने पडतो, कागदावर नकाशा नसतो. मोदेनात ॲल्युमिनिअमचे पत्रे वाळूच्या पिशव्यांवर असेच हाताने ठोकून गोलाई आणली जायची. म्हणून अशा गाडीच्या अगदी समोर, मध्यभागी, गुडघ्यावर बसून बघा. डावा मडगार्ड आणि उजवा मडगार्ड तंतोतंत जुळत नाहीत. कधी दिव्याची खोबण जराशी वर, कधी कड किंचित जाड. फोटोत हे दिसत नाही. आणि दोन्ही बाजू आरशात बघितल्यासारख्या एकसारख्या असतील, तर मला आधी शंका येते की मध्यंतरी कुणीतरी फार हुशारीने डेंटिंग केलंय.

पायरी ५ : गाड्या ह्याच क्रमाने शिका

पहिली जीटीई. हिच्यावर प्रेम करणारे कमी, म्हणून मी मुद्दाम पहिली घेतो. १९६० साली आली, चार जणांची, व्हीलबेस २६०० मिलिमीटर. मागे माणसं बसवायला जागा काढली ती इंजिन २० सेंटिमीटर पुढे सरकवून. पहिल्यांदा लोकांना दिसली तीही ल मान्सला, शर्यतीत नव्हे तर अधिकाऱ्यांची गाडी म्हणून. तीन वर्षांत साडेनऊशेच्या आसपास विकल्या गेल्या, आणि त्या पैशांवर शर्यतीचा खर्च चालला. रोमच्या पोलिसांकडेही साठीच्या दशकात एक काळी जीटीई होती. आर्मांदो स्पाताफोरा नावाचा पोलीस चोरांच्या मागे ती पळवायचा. इंजिन, गिअरबॉक्स, पाटे, सगळं घराण्याचं. ही एक नीट कळली की बाकीच्या गाड्या हिच्यात काय बदललं एवढ्यावर समजतात.

दुसरी टूर द फ्रान्स. हे अधिकृत नाव नव्हे, कमावलेलं आहे. फ्रान्सभर फिरणारी मोटारींची ही शर्यत १९५६मध्ये आल्फोन्सो द पोर्तागोने जिंकली आणि पुढची तीन वर्षं ओलिव्हिए जँदब्याँने. वर्ष ओळखायला दाराच्या काचेमागच्या पत्र्यावरच्या झडपा (हवेच्या फटी) मोजा : आधी चौदा, मग तीन, मग एक. एवढी सोपी खूण दुसऱ्या कुठल्या २५०त नाही.

तिसरी एसडब्ल्यूबी, म्हणजे शॉर्ट व्हीलबेस, बर्लिनेत्ता (बंद टपाची दोन जणांची गाडी). पॅरिसला १९५९मध्ये दाखवली. २४०० मिलिमीटर, चारही चाकांना डिस्क ब्रेक, पत्रा पोलादी किंवा ॲल्युमिनिअमचा. आठवडाभर कामाला न्यायची आणि रविवारी शर्यतीत उतरवायची, असं खरोखर करता येईल अशी ही गाडी. गुडवूडची टूरिस्ट ट्रॉफी १९६० आणि १९६१, दोन्ही वर्षी स्टर्लिंग मॉसने हिच्यातच जिंकली. कुणी मला एकच निवड म्हणालं, तर मी हीच म्हणेन.

लुस्सो आणि कॅलिफोर्निया स्पायडर थोडक्यात. कॅलिफोर्निया ही अमेरिकी गिऱ्हाइकासाठी काढलेली उघडी गाडी, दोन्ही मापांच्या मिळून शंभराहून थोड्या जास्त. लुस्सो १९६२ची, देखणेपणात सगळ्यांत पुढे. आत डोकावलात तर वेगाचा आणि फेऱ्यांचा असे दोन मोठे काटे चालकासमोर नसून डॅशबोर्डच्या मधोमध दिसतील. ते बघितलं की दुसरी कुठली गाडी असूच शकत नाही.

आता जीटीओ. १९६२पासून जागतिक अजिंक्यपद जीटी (ग्रान तुरिस्मो, म्हणजे रस्त्यावरही चालणाऱ्या वेगवान) गाड्यांसाठी ठरलं. ‘ओ’ म्हणजे ओमोलोगातो, मान्यताप्राप्त. नियम असा की गाडी शंभर तरी बनवलेली हवी. जीटीओ बनल्या छत्तीस. फेरारीचं म्हणणं, ही नवी गाडी नाहीच, एसडब्ल्यूबीचीच सुधारलेली आवृत्ती आहे, आणि व्हीलबेस खरंच तोच, २४०० मिलिमीटर. मान्य झालं. काम जोत्तो बिझ्झारीनीने सुरू केलं, पण १९६१च्या शेवटी तो आणि आणखी काही वरिष्ठ मंडळी भांडून बाहेर पडली, आणि २६ वर्षांच्या माउरो फोर्गिएरीने ते तडीस नेलं. इंजिन खाली बसावं म्हणून तेलाची टाकी वेगळी केलेली, पाच गिअर, सुमारे ३०० हॉर्सपॉवर. नाकावर इंग्रजी ‘डी’ अक्षराच्या आकाराची तीन भोकं. आत वेग दाखवणारा काटाच नाही. फक्त इंजिनाच्या फेऱ्यांचा, मोठा, समोर. १९६२ ते १९६४, तिन्ही वर्षं तिच्या वर्गाचं अजिंक्यपद फेरारीकडे गेलं.

पुढे फेरारीने एलएम आणली, इंजिन चालकाच्या मागे असलेली, आणि तिलाही २५०च म्हटलं. हीही घरचीच, असं सांगून मान्यता घ्यायची. ह्या वेळी परीक्षक फसले नाहीत. एलएमला जीटी मानलं गेलं नाही, तिला प्रोटोटाइप, म्हणजे प्रायोगिक गाड्यांच्या, वर्गात पळावं लागलं, आणि तिथेच तिने १९६५ची ल मान्स जिंकली, मास्टेन ग्रेगरी आणि योखेन रिंट ह्यांच्या हातून. त्यानंतर फेरारीला ल मान्स पुन्हा जिंकायला २०२३ उजाडलं.

पायरी ६ : नंबर बघा, पत्र्यावर विश्वास ठेवू नका

बाहेरचा पत्रा बदलता येतो, हे चौथ्या पायरीतच आलं. इथेच खोटेपणाला वाव आहे. एके काळी जीटीईला फारशी किंमत नव्हती. इंजिन तेच, चौकट कापून आखूड करता येते, वर हवा तो पोशाख चढवता येतो. अशा किती जीटीई ‘जीटीओ’ आणि ‘कॅलिफोर्निया’ होऊन फिरतात, ते बघितलं की वाईट वाटतं. बरी, सरळ, चार माणसांची गाडी नाहीशी झाली आणि तिच्या बदल्यात एक नक्कल जन्माला आली.

म्हणून चासी नंबर. तो चौकटीवर ठोकलेला असतो. रस्त्यावरच्या २५०चे क्रमांक विषम आणि शेवटी ‘जीटी’ अशी अक्षरं. निखळ शर्यतीच्या गाड्यांचे बहुतेक सम. इंजिनावरचा नंबर चासीशी जुळत असेल तर त्याला ‘मॅचिंग नंबर’ म्हणतात आणि किमतीत मोठा फरक पडतो. कारखान्याचा स्वतःचा क्लासिके विभाग जुन्या कागदांशी पडताळून प्रमाणपत्र देतो. शिवाय २०१९मध्ये बोलोन्याच्या न्यायालयाने जीटीओच्या आकाराला कलाकृती म्हणून संरक्षण दिलं.

पायरी ७ : बघायला कुठे जायचं

आपल्याकडचे लोक इटलीला जातात ते बहुधा रोम, फ्लोरेन्स, व्हेनिस अशा फेरीवर. फ्लोरेन्सहून व्हेनिसला जाणारी रेल्वे बोलोन्यावरूनच जाते. तिथे एक दिवस उतरा. बोलोन्याहून मोदेना अर्ध्या तासावर. स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरावर एन्झो फेरारीचं जन्मघर आणि त्याच्या शेजारी बॉनेटच्या आकाराचं पिवळ्या छपराचं संग्रहालय आहे. मारानेल्लोचं संग्रहालय तिथून वीसेक किलोमीटरवर, बस जाते. मांडलेल्या गाड्या बदलत असतात, त्यामुळे जायच्या आधी संकेतस्थळावर बघून घ्या. कारखान्याच्या फाटकासमोर ‘कावाल्लिनो’ नावाचं रेस्टॉरंट आहे. एन्झो तिथे जेवायचा.

गाड्या उभ्या नको, पळताना बघायच्या असतील तर ब्रेशाहून सुटणारी आजची मिल्ले मिल्या. मात्र तिच्यात १९२७ ते १९५७ ह्या काळात मूळ शर्यतीत उतरलेल्या जातीच्याच गाड्या घेतात. टूर द फ्रान्स दिसू शकेल, जीटीओ नाही. जीटीओ आणि एसडब्ल्यूबी एकमेकींना खरोखर घासून जाताना बघायच्या तर सप्टेंबरमधलं इंग्लंडचं गुडवूड रिव्हायव्हल. लंडनकडच्या मराठी मंडळींना ते एका दिवसात जमतं.

पायरी ८ : समोर आली की काय करायचं

पट्ट्याचं बकल झाका, खांद्यावरची पिशवी पोटाशी घ्या. अशा गाडीजवळ पिशवी मागे लोंबकळत वळणाऱ्या माणसाकडे मालक कसा बघतो ते एकदा पाहिलंय, पुन्हा पाहायचं नाही. हात लावायचा नाही, विचारलं तरच डोकवायचं.

मग क्रम : लांबून दार आणि मागच्या चाकातलं अंतर, बाजूची पट्टी, झडपा, नाक. जवळ जाऊन काच आणि डॅशबोर्ड. शेवटी, बॉनेट उघडं असेल तर, कार्बोरेटर आणि प्लग. पहिली पाच मिनिटं फोटो काढू नका, स्वतःशी अंदाज बांधा. नंतर फलक वाचा.

आणि मालक गाडी सुरू करणार असेल तर कुठेही जाऊ नका. आधी किल्ली फिरते आणि मागून पेट्रोलच्या पंपाची बारीक टकटक येते. ती मंदावली की स्टार्टर. बारा सिलिंडर एकदम पकडत नाहीत, एक ओळ आधी जागी होते, दुसरी खोकून तिच्यात मिसळते. चांगला मालक ह्या वेळी पाय दाबत नाही. तो तेलाच्या दाबाकडे आणि मग तापमानाच्या काट्याकडे बघत बसतो, कधी पाच मिनिटं, कधी दहा. तेवढ्या वेळात त्याच्याशी बोला. किती वेबर, प्लग आत की बाहेर, असं विचारलंत तर बहुधा तो स्वतःच उतरून बॉनेट उघडेल.